दोन सूर्योदयांचं अंतर

(कोग्गला सरोवर, उजाडताना)

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉलच्या जवळ हे कोग्गलाचं सरोवर. १९४३ साली या पाण्यावरून उठलेलं विमान हिंदी महासागर ओलांडून थेट ऑस्ट्रेलियात, पर्थच्या स्वान नदीत उतरायचं. वाटेत कुठेही थांबा नाही. अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. आजचं जेट ते सात-आठ तासांत कापेल. तेव्हा सत्तावीस तास लागले तरी वारा साथीला होता असं म्हणत. सर्वांत लांबलेलं उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचं.

फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई वाट तुटली. ती पुन्हा जोडायचं काम क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीकडे आलं.

(संग्रहालयातलं कॅटालिना)

हे कॅटालिना, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं, त्याच जातीचं विमान. पोट बघा, अगदी होडीसारखं. वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. म्हणून आत जादा टाक्या बसवल्या आणि सुमारे नऊ हजार लिटर इंधन भरलं. वजन सुमारे सोळा टनांवर गेलं. मग उरलं काय? तीन प्रवासी आणि ६९ किलो टपाल.

(सेक्स्टंट, नकाशा, हात)

आमचा कॅमेरा इथे जरा रेंगाळणार आहे, कारण ही सगळी वाट या माणसाच्या हातात होती. हा दिशादर्शक, म्हणजे नॅव्हिगेटर. जपानी विमानांच्या टप्प्यातला समुद्र अंधारात ओलांडायचा, आणि रेडिओवर चकार शब्द काढायचा नाही. खाली दिवा नाही, बेट नाही. मग वर पाहायचं. सेक्स्टंटमधून ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजायची, घड्याळात वेळ पाहायची, कोष्टकं उघडायची आणि नकाशावर एक रेघ ओढायची. दुसरा तारा, दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात, तिथे आपण. ढग आले की थांबायचं, फट सापडली की पुन्हा मोजायचं. रात्रभर.

या वाटेवरच्या पाच विमानांना नावंही ताऱ्यांचीच होती: अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. आपल्याकडे श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा, चित्रा.

(खिडकीबाहेर तांबडं फुटताना)

एकाच प्रवासात दोनदा सूर्य उगवायचा. प्रवाशांना त्याचं प्रमाणपत्र मिळे: ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चं सदस्यत्व.

दोन वर्षांत २७१ फेऱ्या झाल्या, एकही विमान गमावलं नाही. ही विमानं अमेरिकेकडून ‘लेंड-लीज’ करारावर, म्हणजे उसनी घेतलेली; युद्ध संपल्यावर त्या करारानुसार पाचही समुद्रात बुडवली.

(कोग्गला, रात्र)

दक्षिणेकडे पाहा. तो तांबूस ठिपका, ज्येष्ठा.