ओढ्याकाठचे सीडर

(दृश्य: सकाळ. ओल्या फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना प्रचंड बुंधे. फक्त पाण्याचा आवाज.)

अमेरिकेतलं मोंटाना राज्य. कॅनडाच्या सीमेला टेकलेलं हे राष्ट्रीय उद्यान 1910 साली स्थापन झालं आणि त्याला नाव मिळालं ग्लेशियर, म्हणजे हिमनदी. नाव ऐकून लोक बर्फ बघायला येतात. 1933 साली खुला झालेला गोइंग-टु-द-सन रोड त्यांना थेट लोगन पास या खिंडीत, दोन हजार मीटरच्या वर नेऊन सोडतो. वाटेत अॅव्हलांच ओढ्यापाशी गाड्या थांबतात, पण बहुतेकांचं लक्ष वरच्या शिखरांकडे असतं.

आपण मात्र इथेच उतरू. इथल्या वाटेचं नाव ट्रेल ऑफ द सीडर्स. जेमतेम दीड किलोमीटरचा फेरा, चढ जवळपास नाहीच. चाकाची खुर्ची, बाळाची गाडी, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळ्यांना जमेल अशी ही वाट आहे. माझ्या मते या उद्यानाची ओळख इथूनच करून घ्यावी.

(दृश्य: सीडरची फांदी, अगदी जवळून.)

ही पानं नीट बघा. चपटी, खवल्याखवल्यांची. ओळखीची वाटतात ना? शाळेत असताना वहीत ठेवायचो ते विद्येचं पान, अंगणातली मोरपंखी. हा तिचाच जवळचा नातेवाईक. नाव सीडर असलं तरी हिमालयातल्या देवदाराशी त्याचं जवळचं नातं नाही. हे झाड सायप्रसच्या कुळातलं, थुजा. इथली काही झाडं पाचशे वर्षांहून जुनी आहेत.

खरं तर ही झाडं प्रशांत महासागराच्या किनारपट्टीची. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत ती पोचली कशी? पश्चिमेकडून येणारे ढग या डोंगरांवर अडतात, वर चढतात, गार होतात आणि इथे रिते होतात. डोंगराच्या पलीकडे, पूर्वेला, कोरडी गवताळ मैदानं. किनाऱ्यावरचं हे ओलं जंगल पूर्वेकडे जवळपास इथवरच येतं.

जमिनीवर नेचे आणि शेवाळ. आडव्या पडलेल्या एका ओंडक्यावर हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची रोपं ओळीनं उभी आहेत. मेलेलं झाड कुजता कुजता त्यांना ओल देतं, माती देतं. मोठ्या झाडांची मुळं फार खोल जात नाहीत. माणसांच्या पायांनी ती चेचली जाऊ नयेत म्हणून या फळ्या. तेव्हा कृपा करून फळ्यांवरून खाली उतरू नका.

(दृश्य: पूल. खाली लाल खडकाची अरुंद घळ. पाण्याचा आवाज वाढतो.)

इथे पुलावर थोडं थांबू.

हा लाल दगड म्हणजे एका उथळ समुद्राचा चिखल. शंभर कोटी वर्षांहून जुना. त्यातलं लोखंड हवेत गंजलं, म्हणून हा रंग. पाण्यानं तो असा काही घोटलाय की हात फिरवावासा वाटतो. भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी फिरत राहिले आणि हे खळगे कोरले गेले. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रात दिसतात, तसेच रांजणखळगे.

आणि पाणी? निळसर हिरवं. कारण त्यात दगडाचं पीठ आहे. हिमनदी म्हणजे थिजून बसलेला बर्फ नव्हे. ती आपल्याच वजनानं उताराला सरकत असते. तिच्या पोटात अडकलेले धोंडे तळाच्या खडकावर घासतात, जात्यासारखे. ते पीठ इतकं बारीक की लवकर तळाला बसत नाही. पाण्यात तरंगतं, त्यावर प्रकाश विखुरतो आणि असा रंग दिसतो.

वीस हजार वर्षांपूर्वी या दऱ्या बर्फानं भरलेल्या होत्या. बर्फानं त्या रुंद कोरल्या, तळ सपाट केला. त्याच तळावर पुढे हे जंगल वाढलं. आजच्या हिमनद्या मात्र त्या बर्फाचं उरलंसुरलं नाहीत. त्या नंतरच्या, साधारण सात हजार वर्षांच्या. 1966 साली त्यांतल्या नाव दिलेल्या 35 हिमनद्यांची नोंद होती. 2015पर्यंत हिमनदी म्हणण्याइतक्या मोठ्या 26च उरल्या.

(दृश्य: चढती पायवाट, मग मोकळं आकाश आणि तळं.)

पायांत बळ असेल तर पुलाजवळून एक पायवाट वर अॅव्हलांच तळ्याकडे जाते. एका बाजूनं साडेतीन-पावणेचार किलोमीटर. चारचौघं मिळून, मोठ्यानं बोलत चला. हा अस्वलांचा मुलूख आहे, त्यांना आपली चाहूल आधी लागलेली बरी.

तळ्यासमोर उंच कडा आहे. त्यावरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरतात. त्यांचा उगम स्पेरी हिमनदीत, कड्याच्या वर, मागे. ती इथून दिसत नाही. दिसतं ते तिचं पाणी.

(दृश्य: धबधबे. निवेदन थांबतं, पाण्याचा आवाज चालू राहतो.)