कॅलिग्युलाचा घोडा आणि हरवलेलं 'म्हणे'

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

रोमन सम्राटांचा धडा सुरू करण्याआधी मी वर्गाला एकच प्रश्न विचारते : तुम्हाला आधीपासून काय ठाऊक आहे? इतक्या वर्षांत उत्तरं फारशी बदललेली नाहीत. एका वेड्या राजाने आपल्या घोड्याला मंत्री केलं, आणि रोम जळत होतं तेव्हा नीरो फिडल वाजवत बसला होता. हे मुलांना कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. मामाने सांगितलेलं असतं, कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलेलं असतं. ही उत्तरं चुकीची म्हणून मी पुसून टाकत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, कारण पुढचे चार तास आम्हाला तीच लागतात.

आधी घोडा. कॅलिग्युला इ.स. ३७ ते ४१ अशी जेमतेम चार वर्षं सत्तेवर होता. इन्किटाटस नावाच्या त्याच्या लाडक्या घोड्याला संगमरवरी तबेला होता, हस्तिदंती गव्हाण होती, जांभळ्या झुली होत्या, असं स्वेटोनियस हा चरित्रकार लिहितो. मग शेवटी म्हणतो की या घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोममधला सर्वोच्च पदाधिकारी, करायचाही कॅलिग्युलाचा बेत होता, असं सांगतात. त्या लॅटिन वाक्यात 'त्रादितुर' असा शब्द आहे. इंग्रजीत तो सांगायला तीन-चार शब्द लागतात. आपल्याकडे त्याला नेमका जोड आहे : म्हणे. 'घोड्याला कॉन्सल करणार होता म्हणे.' स्वेटोनियसने हे लिहिलं ते कॅलिग्युलाच्या खुनानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी. त्याचा स्वतःचा जन्मच त्या खुनानंतर जवळपास तीस वर्षांनी झालेला. म्हणून त्याने 'म्हणे' घातलं, आणि ते प्रामाणिकपणे घातलं.

त्यानंतर आणखी शंभर वर्षांनी कॅसियस डिओ हा इतिहासकार हीच गोष्ट सांगतो. त्याच्याकडे घोडा जेवायला येतो, सोनेरी जव खातो, आणि कॅलिग्युला आणखी जगता तर त्याने त्याला कॉन्सल केलंच असतं, असं डिओ ठामपणे लिहून टाकतो. 'म्हणे' गळालं. आणि आपल्या मुलांपर्यंत गोष्ट येते तेव्हा बेतही गळतो. घोडा थेट मंत्री झालेला असतो. दोन्ही उतारे मराठीत करून शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना 'म्हणे' शोधायला सांगा. सातवीतल्या मुलांनाही हे जमतं. घरी, गल्लीत, शाळेच्या मैदानावर ती हेच तर रोज करत असतात.

नीरोचंही तेच. इ.स. ६४ मध्ये रोमला आग लागली तेव्हा तो शहरात नव्हता, समुद्रकाठच्या अँटियममध्ये होता. परतल्यावर त्याने बेघरांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. हे टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो, आणि टॅसिटसला नीरोबद्दल जराही माया नव्हती. पण लगेच पुढे तो लिहितो, की तरीही अफवा पसरली होती : शहर जळत असताना नीरो आपल्या खासगी रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गात होता. अफवा, असं त्याने स्वतःच म्हटलं आहे. फिडल तर त्या काळी अस्तित्वातच नव्हतं.

मग उरतं काय, असं मुलं विचारतात. खरं तर पुष्कळ उरतं.

एकदा आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, ऑगस्टसचा राज्याभिषेक कोणत्या साली झाला?" ज्याच्या डोळ्यांसमोर १६७४ चा रायगड आहे, त्याने हा प्रश्न विचारणं अगदी स्वाभाविक होतं. मला त्या क्षणी कळलं की घोळ आपल्या 'सम्राट' या शब्दातच आहे. हा शब्द उच्चारला की सिंहासन, छत्र, अभिषेक आपोआप डोळ्यांपुढे येतात. ऑगस्टस हा रोमचा पहिला सम्राट, पण त्याचा अभिषेक झालाच नाही. रोमन लोकांना 'राजा' हा शब्द सहन होत नसे. राजा व्हायला निघालाय या संशयावरून ज्युलियस सीझरला इ.स.पू. ४४ मध्ये भोसकलं गेलं होतं. त्याच्या दत्तक मुलाने तो धडा नीट गिरवला. इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने, म्हणजे रोमच्या प्रतिष्ठितांच्या सभेने, त्याला 'ऑगस्टस' हे नाव दिलं, त्याच्या घराच्या दारखांबांना लॉरेलच्या पानांची सजावट केली, दारावर ओकच्या पानांचं कडं लावलं. मुकुट, सिंहासन काही नाही. तो स्वतःला 'प्रिन्केप्स' म्हणवून घेई, म्हणजे पहिला नागरिक.

त्याने आपल्या कारकिर्दीचा जो वृत्तान्त मागे ठेवला, तो आजही तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या एका मंदिराच्या भिंतीवर कोरलेला वाचता येतो. त्यात तो म्हणतो, की मान माझा सगळ्यांहून मोठा होता, पण अधिकार माझ्या सहकाऱ्यांहून जास्त नव्हता. इथे 'म्हणे' नाही. इथे 'मी' आहे. मुलांना वाटतं की दगडावर कोरलंय म्हणजे खरंच असणार. मग मी विचारते, सैन्य कुणाच्या शब्दात होतं? इजिप्तचं धान्य कुणाच्या ताब्यात होतं? थोडा वेळ वर्ग शांत होतो. 'म्हणे'वर जसा संशय घ्यायचा तसा 'मी'वरही घ्यायचा, हे मग मला सांगावं लागत नाही.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे तो फ्रान्समधल्या लियाँचा कांस्यपट. तो १५२८ मध्ये सापडला. इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने सिनेटपुढे केलेलं भाषण त्यावर आहे : गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावं असं. हेच भाषण टॅसिटसनेही दिलं आहे, पण नीटनेटकं, घासूनपुसून. पटावरचा क्लॉडियस मात्र भरकटतो. रोमच्या जुन्या परदेशी राजांच्या वंशावळीत शिरतो, आडवाटा धरतो, आणि मध्येच एक वाक्य येतं : टायबेरियस सीझर जर्मॅनिकस, आता तरी सांग सिनेटरांना, तुझं भाषण चाललंय कुठे! हे नाव क्लॉडियसचंच. तो स्वतःलाच बजावतो आहे की कुणी सिनेटर मध्ये बोलला आणि तेही कोरलं गेलं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. वर्गातही घालू द्या. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस बोलता बोलता अडखळतो आणि ते आपल्याला ऐकू येतं, यापेक्षा मोठा आनंद इतिहासाच्या तासाला मी तरी दुसरा अनुभवलेला नाही.

सम्राटाचा दिवस बराचसा अर्जांना उत्तरं देण्यात जाई. धाकटा प्लिनी बिथिनियाचा (आजच्या उत्तर तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार असताना निकोमिडिया शहरात मोठी आग लागली. दीडशे माणसांचं अग्निशमन दल नेमू का, मी लक्ष ठेवीन, असं त्याने ट्रेजनला लिहून विचारलं. ट्रेजनने नकार दिला : साधनं पुरवा, घरमालकांना वापरू द्या, पण संघ नको, नाव काहीही दिलं तरी असे जमाव शेवटी राजकारणात शिरतात. हा ट्रेजन 'चांगला' सम्राट म्हणून गाजलेला आहे. शहर जळालं तरी चालेल, पण दीडशे माणसं एकत्र यायला नकोत. साम्राज्य म्हणजे काय हे मला वाटतं या एका पत्रातून जितकं कळतं, तितकं सगळ्या लढायांची सनावळी पाठ करूनही कळत नाही.

आता राजवाड्यात शिरू या, पण मागच्या दाराने. १७२६ मध्ये रोमच्या ॲपियन रस्त्यालगत ऑगस्टसच्या पत्नीच्या, लिव्हियाच्या नोकरवर्गाची सामूहिक दफनवास्तू सापडली. भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत अस्थिकलश, आणि शेजारी छोट्या फरशीवर नाव व काम. केस विंचरणारी, कपड्यांची व्यवस्था पाहणारा, जोडे करणारा, सोनार, मोती जडवणारा. गुलाम आणि मुक्त झालेले गुलाम. माझ्या वर्गात प्रत्येकाला यातलं एक काम मिळतं आणि त्या माणसाचा एक दिवस लिहायचा असतो. ऑगस्टस कुणालाच मिळत नाही. एका मुलीने लिहिलं होतं, 'मी जडवते ते मोती कुठून येतात ते मला कुणी सांगत नाही.' ते बरेचसे आपल्याच बाजूच्या समुद्रांतून जात. थोरला प्लिनी हा रोमन लेखक मोत्यांबद्दल लिहितानाच कळवळून हिशोब मांडतो, की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दर वर्षी साम्राज्याचे दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात येतं. नकाशावर ही रेघ मुलांकडून ओढून घ्या. रोम तिथून लांब वाटत नाही.

एक कबुली देते. सुरुवातीला मी 'म्हणे' सापडलं की गोष्टच टाकून द्यायची. हेड्रियनच्या गोष्टीने मला सुधारलं. प्रवासात एका बाईने त्याला अडवून गाऱ्हाणं मांडलं. मला वेळ नाही, म्हणाला. ती म्हणाली, "मग सम्राट होऊ नकोस." तो वळला आणि त्याने तिचं ऐकून घेतलं. ही गोष्ट डिओची. पण तीच गोष्ट आधीच्या ग्रीक राजांबद्दलही सांगितलेली आढळते. म्हणजे ती हेड्रियनच्या बाबतीत घडलीच असं धरता येत नाही. पण पिढ्यानपिढ्या लोकांनी ती एकेका सत्ताधीशाच्या अंगाला लावून पाहिली, कारण राजाने थांबून ऐकावं ही त्यांची अपेक्षा होती. ती अपेक्षा हादेखील इतिहासच आहे. कॅलिग्युलाचा घोडाही मग परत वर्गात येतो : सिनेटरांना त्या तरुणाने किती अपमानित केलं असेल, की अशी गोष्ट त्यांना खरी वाटावी?

शेवटच्या तासाला मी एक चित्र लावते. इजिप्तमधून मिळालेली लाकडी फळी, गोल, आज बर्लिनला आहे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची पत्नी ज्युलिया डोम्ना, पुढे दोन लहान मुलगे. एका मुलाचा चेहरा खरवडून काढलेला आहे. तो गेटा. इ.स. २११ मध्ये बाप वारला, आणि त्याच वर्षअखेरीला थोरल्या कॅराकॅलाने त्याला मारवलं. त्याचं नाव, त्याचा चेहरा सगळीकडून पुसायचा हुकूम निघाला. मुलं खूप वेळ त्या डागाकडे बघत राहतात. मग कुणीतरी विचारतं, की अख्खी फळीच का नाही जाळली, सोपं गेलं असतं. मी काही बोलत नाही. उत्तर दुसऱ्या बाकावरून येतं : जाळणार कशी, दुसरा मुलगा आता सम्राट आहे ना, त्याचाही चेहरा त्यातच आहे.