पाकचोय फुलावर का जातं?

मंडळी, पाकचोय, नापा कोबी, तात्सोई, मिझुना या चिनी-जपानी पालेभाज्यांची नावं नवी वाटतील, पण घराणं ओळखीचं आहे. सगळ्या मोहरीच्या भावकीतल्या. सलगम आणि पाकचोय तर वनस्पतिशास्त्रात एकाच जातीचे, ब्रासिका रापा. एकात माणसाने कंद पोसला, दुसऱ्यात देठ. त्यामुळे यांना थंडी हवी आणि यांच्यावर मावा पडणार, हे वेगळं सांगायला नको.

तक्रार बहुतेकांची एकच. रोप वीतभर होतं, देठ भरायच्या आत मधून दांडा वर येतो आणि पिवळी फुलं लागतात. कांद्याला डेंगळे येतात, तसंच. मग खताला दोष दिला जातो. माझ्या मते चूक बहुतेक वेळा पेरणीच्या तारखेत असते.

या भाज्या फुलावर जाण्याची कारणं तीन. ऊन वाढणं आणि दिवस मोठा होणं हे पहिलं. दुसरं, रोप कोवळं असताना बरेच दिवस 10-12 अंशांखालची थंडी लागणं. पुढे ऊब मिळताच ते फुलायला धावतं, नापा तर फारच. तिसरं कारण आपल्या हातातलं: वाढ मध्येच अडणं. कुंडी दोनदा कोरडी पडली, रोपं ट्रेमध्ये महिनाभर अडकली, मुळं गुंडाळली गेली, की झाडाला वाटतं आपलं काही खरं नाही, बी धरून मोकळं व्हावं.

म्हणून पुणे-नाशिककडे ऑक्टोबरची उन्हं ओसरली की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पहिली पेरणी करा. एकदम सगळं बी टाकू नका. दर 12-15 दिवसांनी थोडं थोडं, डिसेंबरअखेरपर्यंत. पाकचोय 40 ते 50 दिवसांत तयार होतं, म्हणजे शेवटची पेरणीही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हाती लागते. नापाला गड्डा धरायला 65 ते 80 दिवस लागतात, त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर तो पेरूच नये. मुंबई-कोकणात रात्रीसुद्धा पुरेसा गारवा नसतो. तिथे नापाचा नाद सोडा, नोव्हेंबरच्या मध्यापासून पाकचोय लावा आणि लहान असतानाच काढा.

कुंडी 20 सेंटीमीटर खोल असली तरी चालते, पण रुंद हवी. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. शेणखत कच्चं असेल तर रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. सततच्या ओलीनेही तेच होतं. बी 1 सेंटीमीटर खोल टाका, 3 ते 5 दिवसांत उगवतं. शक्यतो जागेवरच पेरा. ट्रेमध्ये केलीत तर खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या दोन दलांनंतरची) तीन-चार दिसताच, संध्याकाळी, मातीच्या गोळ्यासकट हलवा.

विरळणी करताना हात आखडतो, पण दोन रोपांत 15 ते 20 सेंटीमीटर हवेतच, नापाला 30 ते 40. उपटलेली रोपं कोशिंबिरीत घाला. दाटीत राहिलेल्या पाकचोयचा देठ पेन्सिलीएवढाच राहतो. मुळं वरच्या थरातच असतात, म्हणून आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देण्यापेक्षा रोज सकाळी बोट घालून ओल बघून द्या. नापाच्या आतल्या पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या झाल्या तर तो रोग नव्हे. पाणी कमी-जास्त झालं की आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही. नत्र जास्त झालं तर हे आणखी वाढतं, म्हणून युरिया नकोच. दर पंधरवड्याला कुंडीमागे मूठभर गांडूळखत पुरतं.

आता पान उलटं करून बघायची सवय लावा. टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतील आणि हात लावताच काळे कण उड्या मारत असतील, तर ते पिसवा-भुंगेरे. पानाच्या खालच्या बाजूचा हिरवा गर खरवडलेला आणि वरचा पापुद्रा काचेसारखा शिल्लक असेल, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. तिला काडी लावा, वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते. कोबीवर पडते तीच ही. शेतकरी कोबीच्या ओळींमध्ये मोहरी लावून ही कीड तिकडे ओढतात; गच्चीत एका कुंडीत मोहरी टाकून तोच प्रयोग करता येतो, फक्त त्या मोहरीवर नजर हवी, नाहीतर किडीची नर्सरी व्हायची. खात्रीचा उपाय म्हणजे पेरल्या दिवसापासून बारीक जाळी, कडा मातीत दाबून. मावा दिसला तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दुपारी फवारलंत तर साबणाने कोवळी पानं करपतात.

तात्सोई आणि मिझुनाची बाहेरची पानं कापत राहा. पाकचोय बुडापासून 2-3 सेंटीमीटर ठेवून कापलंत तर पुन्हा फुटतं, पण दुसरा फुटवा लहानच असतो. आणि दांडा आलाच, तर झाड फेकू नका. कळ्या पिवळ्या व्हायच्या आत दांडा चटकन मोडतो तिथून खुडा. लसूण आणि मीठ घालून दोन मिनिटं मोठ्या आचेवर परता. दक्षिण चीनमध्ये चोय सम नावाची भाजी या कोवळ्या दांड्यांसाठीच पिकवतात.