नाव बघून जहाज निवडू नका

(टेक्निकल डायव्हिंगचा पहिला टप्पा नुकताच पूर्ण केलेल्या डायव्हर्ससमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेकचा, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपलीकडच्या डायव्हिंगचा, पहिला कोर्स संपला, हातात कार्ड आलं, की आठवड्याभरात फोन येतोच. "आता कुठे जाऊ?" विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं. एकाला स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमधल्या बुडालेल्या जर्मन युद्धनौका हव्या असतात, दुसऱ्याला मायक्रोनेशियातलं 'चूक' (Chuuk) नावाचं लगून, तिसऱ्याला श्रीलंकेजवळ बुडालेली 'हर्मीस'. ही नावं ऐकली की माझेही कान टवकारतात, खोटं कशाला बोलू! पण ही यादी कीर्तीची आहे. त्यातलं कुठलं जहाज आज तुम्हाला झेपेल, ते तिच्यातून कळत नाही.

मी जहाज निवडताना शेवटाकडून सुरुवात करतो. वर यायचं कसं? 40 मीटरच्या आत, डेकोशिवाय डाइव्ह करत होतात तेव्हा काही बिनसलं तर सरळ वर येण्याची मुभा होती. आता डोक्यावर डेकोचं छत आहे: वर येताना ठरलेल्या खोलींवर थांबून अंगात मुरलेला वायू बाहेर पडू द्यावाच लागतो. ते डोळ्यांना दिसत नाही, पण लोखंडी छताइतकंच पक्कं असतं. त्यात जहाजाच्या पोटात शिरलात की छतं दोन झाली. म्हणून रेकची, म्हणजे बुडालेल्या जहाजाची, माहिती काढताना "किती खोल?" हा माझा पहिला प्रश्न नसतो. डेको कुठे काढायचा? उघड्या समुद्रात, करंटमध्ये दोरीला लटकून, की एखाद्या खडकाच्या आडोशाला? डेक कितीवर आणि तळ कितीवर? आणि उद्या पुन्हा याच जहाजावर जाता येईल का? या शेवटच्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

या कसोटीवर मला माल्टा सगळ्यात वर ठेवावंसं वाटतं. बेटाच्या वायव्य टोकाला चिर्केव्वा आहे. गोझोला जाणारी फेरी तिथूनच सुटते. धक्क्याजवळ गाडी लावायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचे आणि पायऱ्या उतरून पाण्यात. बोट नाही, बोटीचं वेळापत्रक नाही. खाली दोन जहाजं आहेत: 1992 मध्ये बुडवलेली 'रोझी' ही टगबोट आणि 2007 मध्ये बुडवलेली 'पी-29' ही गस्ती नौका. 'पी-29' मूळची पूर्व जर्मनीची सुरुंग काढणारी नौका, लांबी 52 मीटर. दोन्हींचा तळ साधारण 35 मीटरवर. मुद्दाम बुडवलेली असल्यामुळे ती आधी साफ केलेली आहेत. अनुभवी मंडळी अशा रेककडे जरा नाक मुरडतात. मुरडू देत. नवख्याला नेमकं हेच हवं. खरी मजा मात्र परतीत आहे: जहाज सोडून खडकाच्या भिंतीकडे पोहत यायचं आणि तिच्या कडेने हळूहळू उथळ होत डेको संपवायचा. 21 मीटरवर 50 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर यायचं, तेव्हा समोर पकडायला, खोली ताडून बघायला भिंत असते. गॅस बदलण्याची सवय हातात मुरवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. वायव्येचा वारा सुटला की चिर्केव्वा बंद. मग दक्षिणेला वीद इझ-झुर्रीला जायचं.

आता जरा हिशोब करू. 35 मीटरवर दाब 4.5 बार. 32 टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स घेतलंत तर ऑक्सिजनचा अंशदाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) 1.44, म्हणजे 1.4 या नेहमीच्या मर्यादेच्या वर. 30 टक्क्यांचं घ्या, 1.35 येतो. तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर गॅस ओढत असाल तर तिथे 90 लिटर जातो. 12 लिटरचे जोड सिलिंडर 200 बारला भरले की 4,800 लिटर. आत शिरताना त्यातला एक तृतीयांशच वापरायचा, म्हणजे 1,600 लिटर, म्हणजे सतरा मिनिटं. ऐकायला भरपूर वाटतं. आता दुसरी बाजू बघा. बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, गॅस संपला. दोघंही घाबरलेले, प्रत्येकाचा श्वास मिनिटाला 30 लिटरवर गेलेला. दोघांचा मिळून मिनिटाला 270 लिटर. गुंतलेली दोरी सोडवण्यात तीन मिनिटं गेली की एक मीटरही वर न येता 810 लिटर संपले. हे आकडे प्रत्येक नव्या जहाजासाठी स्वतःच्या हाताने मांडा. कॉम्प्युटर सांगेल यावर विसंबू नका.

आणि एका जहाजावर पुन्हा पुन्हा जा. पहिली डाइव्ह फक्त बाहेरून: पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, डेकची खोली, करंट कुठून येतो, बाहेर पडायच्या जागा किती. दुसऱ्या डाइव्हला कमांड-कक्षासारखी दोन्ही बाजूंनी उघडी जागा. रील, म्हणजे परतीची वाट दाखवणाऱ्या दोरीची चकरी, काढायचा तो त्यानंतर. दोरीची पहिली गाठ बाहेर, मोकळ्या पाण्यात. दुसरी दाराच्या लगेच आत. गंजलेला पत्रा सुरीसारखा कापतो, तेव्हा गाठ कशावर मारतो ते हाताने चाचपून बघायचं. फिन्स कितीही जपून मारा, तुमचे बुडबुडे छताला आपटतात आणि वरचा गंज खाली झरू लागतो. आत जाताना स्वच्छ दिसलेला कक्ष बाहेर येताना तांबडा झालेला असतो. हे एकदा ओळखीच्या जहाजात, दार तीन मीटरवर असताना अनुभवलेलं बरं.

याच बेटावर पुढच्या पायऱ्याही आहेत. झुर्रीसमोर 'उम अल फरूद' हा 110 मीटर लांबीचा तेलवाहू टँकर 36 मीटरवर आहे. 1995 मध्ये गोदीत त्याच्यावर स्फोट होऊन नऊ कामगार गेले. 1998 मध्ये तो बुडवला. मग 'स्टबर्न' ही ब्रिटिश पाणबुडी, पन्नास मीटरच्या पलीकडे. त्यापुढे 1918 मध्ये टॉर्पेडोने बुडालेलं 'पोलिनेशियन' हे फ्रेंच प्रवासी जहाज, 65 मीटरच्या आसपास. खोलवरच्या ऐतिहासिक जहाजांसाठी हेरिटेज माल्टा या तिथल्या वारसा संस्थेची परवानगी लागते. डाइव्ह सेंटर ती काढून देतं, पण आधी विचारून ठेवा. शेंगेन व्हिसाचं काय ते तुमचं तुम्ही बघा, त्यात माझा सल्ला नको.

स्कापा फ्लोबद्दल थोडक्यात. 21 जून 1919 ला जर्मन अॅडमिरल रॉयटरने नजरकैदेतलं आपलंच आरमार बुडवलं. 74 पैकी 52 जहाजं तळाला गेली, बहुतेक नंतर भंगारात निघाली. आज मोठी सात उरली आहेत: तीन युद्धनौका, चार क्रूझर. क्रूझर तुमच्या आवाक्यातल्या आहेत. पण पाणी उन्हाळ्यातही 12-13 अंशांच्या आसपास. 28 अंशांच्या पाण्यात वाढलेल्या माणसाने ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख), थंडी आणि डेको हे तिन्ही एकाच आठवड्यात शिकायला जाऊ नये. ड्रायसूट आधी दुसरीकडे अंगवळणी पाडा.

"आपल्याकडे काहीच नाही का?" हा प्रश्नही नेहमीचा. आहे की. पहिल्या महायुद्धात 'वोल्फ' या जर्मन जहाजाने मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले होते. त्यातल्या एकावर आदळून 23 जून 1917 ला पी अँड ओ कंपनीचं 'मंगोलिया' बुडालं. कोकणच्या मच्छीमारांना विचारा, जाळी कुठे फाटतात ते त्यांना पाठ असतं. नकाशेही आहेत. डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय सागरी नकाशे छापतं. त्यात ठिपक्यांच्या लंबगोलात आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या तीन उभ्या रेघा दिसल्या की तिथे बुडालेलं जहाज आहे. त्याऐवजी लंबगोलात आकडा आणि शेजारी 'Wk' अक्षरं असतील, तर तो आकडा जहाजावरच्या सर्वांत कमी पाण्याचा, तोही ओहोटीच्या पातळीवरून मोजलेला. तळ अर्थातच आणखी खाली. 'पीए' अक्षरं असतील तर जागा अंदाजे आहे, म्हणजे आधी शोधायचं काम. एवढं असूनही नव्या टेक डायव्हरला मी मुंबईसमोर पाठवणार नाही. गढूळ पाणी, भरतीचा ओढा, आणि काही झालंच तर मदत कोण करणार? गोव्यात ग्रँड आयलंडजवळचा उथळ रेक मात्र वापरा. एखाद्या दिवशी तिथे दोन मीटरपुढचं दिसत नाही. रीलचा सराव करायला उत्तम!

शेवटी 'हर्मीस'. 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी ही विमानवाहू नौका श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, बट्टिकलोआसमोर बुडवली. तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हतं. 307 माणसं गेली. आज ती साधारण 53 मीटरवर आहे. त्याच दिवशी, त्याच हल्ल्यात 'ब्रिटिश सार्जंट' हा टँकरही बुडाला. तो त्याच किनाऱ्यावर थोडा उत्तरेला, 24 मीटरच्या आसपास, दोन तुकड्यांत पडला आहे. आपला पावसाळा सुरू होऊन मालवण-गोव्याचं डायव्हिंग बंद होतं, तेव्हा तो किनारा उघडतो. नवख्याने आठवडाभराचा बेत आखावा, आधीचे दिवस टँकरवर घालवावेत, आणि बोटवाला, करंट, दोरी, बडी या सगळ्यांची ओळख झाल्यावरच 'हर्मीस'चं नाव काढावं.

53 मीटरवर दाब 6.3 बार. साध्या हवेत ऑक्सिजनचा अंशदाब 1.32, म्हणजे कागदावर चालेल असं वाटतं. पण तिथे ती हवा इतकी दाट होते की कष्टाने श्वास घ्यावा लागतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि नायट्रोजनची नशा त्यावर कडी करते. 18/45 ट्रायमिक्सवर (18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हीलियम, बाकी नायट्रोजन) नशेच्या हिशोबाने तुम्ही साध्या हवेत 25 मीटरवर असल्यासारखे असता. तेव्हा ट्रायमिक्सचं कार्ड नसेल तर ते आधी मिळवा. तिकडे फोन करून विचारा: हीलियम आहे का, मिश्रण कोण करतं, जोड सिलिंडर किती, बोटीवर ऑक्सिजन किती, सगळ्यात जवळचं रीकंप्रेशन चेंबर (डायव्हरला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) कुठे आणि ते आज चालू आहे का. उत्तरं गुळमुळीत आली तर टँकरवरच आठवडा काढा. जहाजावरच्या कशालाही हात लावायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आणि परतीचं तिकीट. बट्टिकलोआ ते कोलंबो विमानतळ रस्त्याने पूर्ण दिवस मोडतो, आणि शेवटच्या डेको डाइव्हनंतर निदान 24 तास विमानात बसायचं नाही. तेव्हा शेवटची खोल डाइव्ह परतीच्या दोन दिवस आधी ठेवा. मधला दिवस प्रवासाला लागतोच.