वायर तोडायची, पण कुठली?

(कुडाळात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'जुन्या म्युझिक प्लेअरला वायरलेसची जोड'. मी दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे तो आधी खोलून ठेवतो. खिशातल्या प्लेअरला वायरी तीन. एक गाणी आत आणणारी, कॉम्प्युटरची. दुसरी आवाज बाहेर नेणारी, हेडफोनची. तिसरी चार्जिंगची. 'हे वायरलेस करून द्या' म्हणत कुणी काउंटरवर आलं की यातली कुठली नकोय हे विचारावंच लागतं. मोठमोठ्या कंपन्यांचाही घोळ इथेच झाला.

1979 साली सोनीचा वॉकमन आला तेव्हा पहिल्या वायरीचा प्रश्नच नव्हता. कॅसेट बदलली की झालं. 2001 चा आयपॉड मात्र कॉम्प्युटरच्या दावणीला बांधलेला. ती वायर तोडायचा एक गाजलेला प्रयत्न मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2006 मध्ये केला. प्लेअरचं नाव झून, आत वायफाय. एका झूनवरून दुसऱ्यावर गाणं पाठवता यायचं, पण आलेलं गाणं तीनदा ऐकलं किंवा तीन दिवस उलटले की बंद. इंजिनियरांनी सोडवलेली गाठ वकिलांनी परत मारून ठेवली.

आपल्याकडे ही वायर वेगळ्याच तऱ्हेने सुटली. सकाळी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड टाकायचं, संध्याकाळी भरून न्यायचं. डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीची, अख्खी रात्र नखाएवढ्या कार्डात. गणपतीला आलेला चाकरमानी एक कार्ड घेऊन यायचा आणि परत जाईपर्यंत ते वाडीभर फिरून यायचं. कायद्याने बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या गावात रेंज शोधायला सड्यावर चढावं लागायचं, तिथे वायफायच्या प्लेअरने काय केलं असतं?

खरी गंमत दुसऱ्या वायरीत आहे. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवायची ए-टू-डीपी ही पद्धत 2003 च्या सुमारास ठरली. जुन्या प्लेअरला ती जोडायची म्हणजे हेडफोनच्या भोकात एक ट्रान्समीटर खोचायचा, एवढंच. बाजारात मात्र 'ब्लूटूथ द्या' म्हटलं की बहुतेक वेळा रिसीव्हर हातात पडतो. तो जुन्या ॲम्प्लिफायरसाठी किंवा गाडीच्या टेपसाठी असतो. आवाज हवेतून घेतो, हवेत सोडत नाही. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच. खोक्यावर टीएक्स (म्हणजे ट्रान्समीटर) लिहिलंय की आरएक्स (म्हणजे रिसीव्हर), ते वाचूनच पैसे द्या.

आता एक कोडं. घरात इयरफोन व्यवस्थित चालतात, आणि देवबागच्या किनाऱ्यावर चालायला गेलं की आवाज तुटतो. लोक खाऱ्या वाऱ्याला दोष देतात. वाऱ्याचा काही संबंध नाही. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी पाणी शोषून घेतं. आपलं शरीर बहुतांशी पाणीच. प्लेअर मागच्या उजव्या खिशात आणि ऐकणारा कान डावा, म्हणजे मधे आपणच भिंत होऊन उभे. घरात चिऱ्याच्या भिंती, कपाट, छप्पर यांवरून लहरी उलटून येतात आणि वळसा घालून कानापर्यंत पोचतात. किनाऱ्यावर वर आभाळ, बाजूला मोकळी हवा. उलटून येणार कशावरून? प्लेअर शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, बराच फरक पडतो.

खारा वारा गुन्हेगार आहे तो दुसऱ्याच बाबतीत. हेडफोनच्या भोकातल्या पितळी पट्ट्यांवर तो हिरवट थर चढवतो, मग पिन फिरवत बसा आणि एका कानाने ऐका. पावसाळा संपला की दुकानात ही रांगच लागते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ब्लूटूथ घ्यावं याचं माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण हे आहे, सोय वगैरे नंतर. अर्थात बड्सच्या डबीतल्या चार्जिंगच्या टोकांनाही तोच रोग लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने अधूनमधून पुसत राहा.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडक्यात. एमपीथ्री आधी उलगडतं, मग ब्लूटूथसाठी पुन्हा दाबून बांधलं जातं. दोनदा दाबलं की थोडं सांडतंच. एसटीच्या मागच्या सीटवर ते कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

उशीर मात्र कळतो. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज 150 ते 250 मिलिसेकंद मागून येतो. 200 धरा. तेवढ्या वेळात हवेतला आवाज 68 मीटर जातो. म्हणजे शेजारी ठेवलेला स्पीकर 68 मीटरवर असल्यासारखा. नुसतं ऐकत असाल तर पत्ताही लागत नाही. भजनी बुवा रेकॉर्डिंग लावून पेटीवर सराव करतात, तेही बिनधास्त करावं, कारण उशिरा आलं तरी सगळंच सारखं उशिरा येतं. भानगड होते ती माईकमध्ये बोललेलं ब्लूटूथ स्पीकरमधून ऐकताना; स्वतःचाच आवाज मागून येऊन जीभ अडखळते. तसंच मांडवाच्या एका टोकाला वायरीचा कर्णा आणि दुसऱ्या टोकाला ब्लूटूथ, असं केलंत की पखवाजाची प्रत्येक थाप दोनदा पडते. तिथे वायरच ओढा, दुसरा उपाय नाही.

खाली बसलेल्या एका काकांनी मघाशी विचारलं, "माझो जुनो आयपॉड आसा, तेका आतसून ब्लूटूथ बसता काय?" बसता, पण कुठला आयपॉड ते बघून. 2007 च्या क्लासिकची पुढची बाजू ॲल्युमिनियमची, पाठ स्टीलची. धातूच्या बंद पेटीतून लहरी बाहेर येणार कुठून? 2005 च्या पाचव्या पिढीला पुढे प्लास्टिक आहे, म्हणून हौशी मंडळी तोच शोधतात. आतली फिरती हार्ड डिस्क काढून तिथे एसडी कार्डाचा ॲडॅप्टर बसवतात. कार्ड लहान, वीज कमी खातं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत ब्लूटूथचं बोर्ड मावतं.

जुन्या वॉकमनमध्ये हे करायचं तर दोन पेन्सिल सेलचे 3 व्होल्ट बहुतेक बोर्डांना पुरत नाहीत. मग पोरं 3.7 व्होल्टची चिमुकली लिथियम बॅटरी आणि टीपी4056 चं चार्जिंग बोर्ड लावतात. तिथे कान उपटावेसे वाटतात. ते बोर्ड सहसा 1 अँपिअरला लावूनच येतं. 150 एमएएच क्षमतेच्या बॅटरीत 1 अँपिअर ढकलला की ती फुगते, पेटूही शकते. बोर्डावरचा 1.2 किलोओहमचा रेझिस्टर काढून 10 किलोओहमचा लावा, करंट 130 मिलिअँपिअरच्या आसपास येतो. ज्याला हे डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, जमत नाही त्याने बाहेरून खोचायचा ट्रान्समीटर घ्यावा. त्यात कमीपणा कसला?

तर काका, उद्या येताना आयपॉड घेऊन या. पुढे बोटाने टकटक केल्यावर प्लास्टिक वाजलं तर खोलून बघू. पत्रा वाजला तर खालच्या तीस पिनांच्या जागेत बसणारा ट्रान्समीटर शोधू. तिथला आवाज आतल्या हेडफोन ॲम्प्लिफायरला वळसा घालून सरळ बाहेर येतो, त्यामुळे जास्त स्वच्छ मिळतो.