फळीवरचं वजन : काट्यावरचं आणि डोळ्यांना जाणवणारं

मंडळी, शेल्फ सजवायचं म्हटलं की लोक आधी वस्तू आणायला निघतात. मी सुरुवात फळीपासून करणार आहे. मध्ये झोळ आलेल्या फळीवर काहीही मांडलं तरी नजर आधी त्या वाकलेल्या रेषेवरच जाते.

पुस्तकं दिसतात त्यापेक्षा पुष्कळ जड असतात. एक मीटरची गच्च ओळ २० ते ३० किलो सहज भरते. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं असली तर आणखी जास्त. आता हिशेब बघा. दोन्ही टोकांना टेकलेली फळी सारख्या दाटीने भरली, तर तिचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६० सेंटिमीटरची फळी ९० ची केली, म्हणजे लांबी दीडपट झाली. झोळ मात्र पाचपट. उलट जाडी १८ वरून २५ मिलिमीटर केली, तर ताठपणा अडीचपटीहून जास्त वाढतो. म्हणून १८ मिलिमीटरचा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेला) असेल, तर पुस्तकांसाठी ६० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका. तेवढ्याच जाडीचा चांगला प्लाय ७५ पर्यंत चालतो. पार्टिकल बोर्डाची आणखी एक खोड आहे : कायमच्या वजनाखाली तो हळूहळू दबतच राहतो. पहिल्या महिन्यात सरळ दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. झोळ आलाच असेल तर फळी उलटी करून बसवा आणि पुढच्या कडेखाली साधारण ४० मिलिमीटर उंचीची भरीव लाकडी पट्टी उभी ठेवून गोंद आणि स्क्रूने पक्की करा. कड जाड दिसते, हा वरचा फायदा.

फळी भिंतीवर दोन ब्रॅकेटवर बसणार असेल, तर ब्रॅकेट अगदी टोकांना लावू नका. दोन्ही बाजूंनी लांबीच्या साधारण एक पंचमांश आत घ्या. १०० सेंटिमीटरच्या फळीला २० ते २२ सेंटिमीटर. बाहेर राहिलेल्या टोकांवरचं वजन मधला भाग तोलून धरतं. ब्रॅकेटचा आडवा हात फळीच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश हवा. भिंतीत ८ मिलिमीटरचं भोक, ८ चा प्लग (भोकात बसणारी प्लॅस्टिकची नळी, जिच्यात स्क्रू घट्ट होतो), ५ चा स्क्रू ही जोडी बहुतेक घरगुती फळ्यांना पुरते. पण प्लग गिलाव्यात अडकून चालत नाही, तो पूर्णपणे विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. भोकातली भुकटी काढली नाही, की प्लग अर्ध्यात अडतो, माणूस तो हातोडीने ठोकतो, त्याचं तोंड दुमडतं आणि वजन आल्यावर गिलाव्यासकट सगळं बाहेर येतं. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठी बनवलेलेच प्लग घ्या. जमिनीवर उभं राहणारं उंच शेल्फ वरून भिंतीला बांधायचंच. घरात लहान मुलं असतील तर यात चालढकल नको.

आता डोळ्यांना जाणवणारं वजन. गडद रंग, मोठा आकार, भरीवपणा हे जड वाटतं. काच, वेत, जाळी, फिका रंग हे हलकं. जड ते खाली ठेवा. सगळ्यात वरच्या फळीवर काळी मोठी फुलदाणी आणि खाली नाजूक काचसामान, अशा मांडणीत शेल्फ अंगावर येतंय असं वाटत राहतं.

कामाला लागताना शेल्फ पूर्ण रिकामं करा. अर्धवट काढलं की उरलेल्या वस्तू जुन्या जागेला चिकटून राहतात. पुस्तकं आधी लावा. कणे एका रेषेत, फळीच्या कडेपासून २ सेंटिमीटर आत. बरेच जण पुस्तकं मागे भिंतीपर्यंत ढकलतात. मग पुढे एक ओटा तयार होतो, त्यावर किल्ल्या, पेनं, औषधाच्या पट्ट्या जमायला लागतात. शिवाय भिंत ओलसर असेल तर मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. काही पुस्तकं आडवी रचा : तीन ते पाच, मोठं तळाला, लहान वर. ही थप्पी उभ्या ओळीच्या टोकाला लावली की ओळ कलंडत नाही. तिरकी पडलेली पुस्तकं बांधणीत पिळवटतात. खूप मोठी जाडजूड पुस्तकं तर आडवीच बरी, कारण उभी ठेवल्यावर पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यातून सुटायला लागतो. रंगांप्रमाणे पुस्तकं लावण्याची सध्या हौस दिसते. फोटोत छान वाटतं, पण तीन भागांचं पुस्तक तीन कप्प्यांत जातं. कणे आत आणि पानं बाहेर, ही तऱ्हा तर पुस्तकं न वाचणाऱ्यांसाठीच ठीक.

त्यानंतर मोठ्या वस्तू. कप्प्याच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश उंचीची वस्तू बरोबर बसते. त्याहून फार बुटकी वस्तू कप्प्यात हरवून जाते. प्रत्येक कप्प्याच्या मधोमध एकेक वस्तू ठेवण्याचा मोह आवरा. वरच्या कप्प्यात डावीकडे ठेवली तर खालच्यात उजवीकडे. मागे एक सपाट वस्तू, म्हणजे टेकवलेली फ्रेम किंवा थाळी, आणि पुढे तिचा पाव भाग झाकेल अशी गोल वस्तू ठेवली की खोली जाणवते. फ्रेमच्या खालच्या कडेला रबराचे ठिपके लावा, नाहीतर ती घसरत पुढे येते.

खरी गडबड करतात त्या लहान वस्तू. मुठीत मावणारी वस्तू एकटी फळीवर उभी करू नका. आडव्या थप्पीवर ठेवा, किंवा तीन-चार मिळून एका तबकात. मग पुसतानाही तबक उचललं की काम झालं. एवढं करून फळीचा एक तृतीयांश भाग रिकामा राहिला तर तो भरायला जाऊ नका. झाडाच्या कुंडीखाली बशी हवीच, आणि कुंडी पुस्तकांच्या वरच्या कप्प्यात नको.

एलईडी पट्टी लावणार असाल तर २७०० ते ३००० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची घ्या आणि वरच्या फळीच्या खाली, पुढच्या कडेला, आतल्या बाजूला तोंड करून बसवा. मागच्या कडेला लावली की भिंत उजळते आणि पुढच्या वस्तू काळ्या दिसतात. फळी चकचकीत असेल तर पट्टीवर दुधी आवरणाची पन्हळ घाला, नाहीतर दिव्यांचे ठिपके फळीत मोजता येतात.

शेवटी दोन-तीन मीटर मागे जाऊन फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेले की काळे पुंजके लगेच उघडे पडतात. एका बाजूला गर्दी झाली असेल तर तिथली एक गडद वस्तू तिरक्या रेषेत पलीकडच्या कप्प्यात न्या आणि परत फोटो काढा. एका वेळी एकच वस्तू हलवा. दोन हलवल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.