अर्धपोटी माशी

(तापीचा काठ, पहाट. खिंकाळ्यांचा आवाज तसाच राहू द्यावा.)

मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला घोडेबाजार भरलाय. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे. कुणी राजस्थानातून आलाय, कुणी पंजाबातून. दावणीला मात्र सगळे अंगाला अंग लावून.

आता या घोडीच्या पोटाकडे बघा. ही गोमाशी. डासासारखी ती अलगद सोंड खुपसत नाही. कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते. दुखतं, म्हणून घोडी पाय आपटते, शेपटी मारते. माशी उडते, अर्धपोटी. आणि बसते शेजारच्या शिंगरावर. तोंडाला लागलेलं रक्त अजून ओलंच आहे.

सर्रा हा घोड्या-उंटांच्या रक्तातला आजार असाच पसरतो. त्याचा जंतू माशीच्या अंगात वाढत नाही, ओल्या रक्ताबरोबर नुसता पलीकडे पोचतो. रक्त सुकलं की संपला. शेजारी घोडा नसेल तर माशी बहुधा आधीच्याच घोड्यावर परत येते. दोन दावणींमध्ये मोकळी जागा सोडा, असं आम्ही इथे प्रत्येकाला सांगत होतो, ते यासाठी.

१८८० साली आताच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी घोड्या-उंटांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रक्तपेशींमध्ये काहीतरी वळवळत होतं. वरिष्ठांना पटलं नाही. आज तो जंतू त्याच्याच नावाने ओळखला जातो, ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. 'सर्रा' हे नाव मात्र इथल्या लोकांच्या तोंडी आधीपासूनच होतं.

(मोतद्दार खरारा करतोय. हात जवळून.)

हा हात बघा. खरारा करता करता पोटाखाली, पायांवरून फिरतो. सर्रा झाला असेल, तर सूज तिथे हाताला लागते. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. चंदी खाऊनही घोडा वाळतो. ताप असतानाच रक्त तपासायला द्यायचं. क्विनापायरामीनचं इंजेक्शन आहे, पण डॉक्टरांच्या हातून, आणि दर घोड्याला नवी सुई. एकाच सुईने दावण टोचली, तर माशीचं काम आपणच केलं. उपचाराविना घोडा बहुधा जातो.

लीद रोज उचलायची. तबेल्यातली चावरी माशी लीद मिसळलेल्या ओल्या गवतात वाढते. गोमाशी वाढते काठच्या चिखलात, म्हणून दावण पाण्यापासून लांब. ती चावते उन्हात, सावलीच्या तबेल्यात सहसा शिरत नाही. भर दुपारी घोडा आत बांधला तरी पुष्कळ साधतं.

घोडीचा सौदा झाला. नव्या मालकाने तिचं रक्त तपासून घ्यावं, आणि निकाल येईपर्यंत तिला वेगळं बांधावं.

(घोडी ट्रकमध्ये चढते. शिंगरू खाली. निवेदन नाही.)